नवा मेटल डिटेक्टर हातात आला, आता काय?



"कोणता डिटेक्टर घेऊ?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. त्यावर आज बोलणार नाही. घेतल्यानंतर काय करायचं हे सहसा कोणी विचारत नाही, म्हणून आज त्यावर बोलतो. माझी सगळ्यात मोठी चूक यंत्र निवडण्यात झाली नव्हती. ती झाली यंत्र घरी आल्यानंतरच्या बारा दिवसांत.

मी इंदूरला राहतो. लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देतो. शेतात पडलेलं मंगळसूत्र, अंगठी, ट्रॅक्टरची किल्ली, कधी मातीखाली गेलेलं व्हॉल्व्हचं झाकण. पेट्रोल आणि चहा एवढ्यावर जातो. यंत्र आलं त्याच्या बाराव्या दिवशी देवासच्या बाजूला एका मराठी कुटुंबाच्या शेतावर गेलो. जुलै संपत आला होता, सोयाबीन गुडघ्याच्या खाली होतं. घरच्या वहिनी निंदणीच्या बायकांना चहा द्यायला गेल्या होत्या, आणि घरी येऊन बघतात तर गळ्यात मंगळसूत्र नाही. मी तीन तास फिरलो. काही लागलं नाही. घरचे काका बांधावर उभे होते. म्हणाले, "मग काय, शेतात नाहीच म्हणायचं का?" मी म्हणालो, "नाही काका. असतं तर यंत्राने सांगितलं असतं."

हे बोलून मी चहा पिऊन घरी आलो. त्या वाक्याचा त्या घरात काय अर्थ झाला ते मला नंतर कळलं. शेतात नाही, म्हणजे कोणीतरी उचललं. त्या दिवशी पाच बायका निंदायला होत्या. त्यातल्या एकीने वहिनींच्या हातून किटली घेतली होती, तेवढ्यावरून नाव तिचं निघालं. पोलिसात कोणी गेलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिला कामाला बोलावणं बंद झालं.

मंगळसूत्र शेतातच होतं. पुढे सांगतो कसं सापडलं ते. आधी हे खोकं उघडू.

खोकं उघडल्यावर पहिलं काम दांडी जोडायचं नाही. पहिलं काम आहे अनुक्रमांक बघायचा. तो खोक्यावर एक असतो आणि यंत्रावर एक असतो, दोन्ही जुळले पाहिजेत. नावाजलेल्या कंपन्यांच्या यंत्रांच्या हुबेहूब नकला बाजारात येतात. रंग तोच, अक्षर तेच, आत भलतंच. कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक नोंदवता येतो. नोंद झाली तर वॉरंटीही तिथेच सुरू होते. दोन्ही अनुक्रमांकांचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. आपल्याकडे दुरुस्तीचं केंद्र क्वचितच जवळ असतं, तेव्हा हा फोटो फार उपयोगी पडतो.

आणि ज्या यंत्राला जमिनीवर फिरवायची कॉइलच नाही, नुसती मूठ आणि पुढे डोलणारी एक-दोन अँटेना आहे, "शंभर मीटरवरचं सोनं दाखवतो" असा दावा आहे, ते खोकं उघडलंच असेल तर परत बांधा. ती वस्तू काही शोधत नाही. अँटेना डोलते ती तुमच्या मनगटाने. याच जातीचं एक उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं गेलं होतं, एडीई ६५१ नावाचं. आत काम करणारं काहीही नव्हतं. ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे नाक्यांवर माणसं त्या मुठीवर विश्वास ठेवून गाड्या सोडत होती. आपल्याकडे त्याच जातीची वस्तू गुप्तधनाच्या नावाने लाखांत विकतात.

आता जोडणी. खरा डिटेक्टर कसा चालतो ते दोन वाक्यांत सांगतो, म्हणजे पुढची काळजी का घ्यायची ते कळेल. या चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एक चुंबकीय क्षेत्र सोडतं, दुसरं ऐकतं, आणि दोघांना असं बसवलेलं असतं की जवळ धातू नसताना ऐकणाऱ्याला जवळजवळ काहीच ऐकू येऊ नये. धातू आला की त्यात भोवरे घेणारा प्रवाह तयार होतो, त्याचं स्वतःचं बारीकसं क्षेत्र असतं, तेवढ्याने हा समतोल बिघडतो आणि आवाज होतो. म्हणजे सगळा खेळ एका नाजूक समतोलाचा आहे. चकती हलली, केबल हलली, चकतीला पाणी शिरलं, तरी तो बिघडतो आणि यंत्र खोटं बोलतं.

म्हणून ही केबल नीट बघा. कॉइलकडून निघाली की पहिला वेढा दांडीच्या वरच्या बाजूने घ्या, आणि कॉइलजवळ थोडा सैलपणा ठेवा, कॉइल पुढेमागे पूर्ण वळवता येईल एवढा. ओढून बांधली तर जिथे ती चकतीत शिरते तिथे आतली तार तुटते, आणि ती जागा दुरुस्त होत नाही. फार सैल ठेवली तर लोंबणारी केबल प्रत्येक हेलकाव्याला कॉइलपुढे येते आणि यंत्र किणकिणतं. पुढे सरळ वेढे देत वर न्या, दोन ठिकाणी कापडी पट्टीने बांधा. कॉइलचा बोल्ट प्लॅस्टिकचा असतो, त्याला दोन रबरी वॉशर असतात. बोल्ट हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी आणून लावणारे मी पाहिले आहेत. यंत्र मग दिवसभर तो बोल्टच शोधत बसतं. घट्टही फार करू नका, पक्कड लावून तर नाहीच. कॉइलचे कान तडकतात. वॉशरवर वाळूचा कण असेल तर पुसून मग बसवा.

मोटारसायकलवरून जाणार असाल, आपण बहुतेक तसेच जातो, तर जोडलेलं यंत्र पाठीवर आडवं बांधून जाऊ नका. खड्ड्याचे धक्के सगळे त्या कॉइलच्या कानांवर बसतात. तीन तुकडे करा, कॉइल जुन्या टॉवेलात गुंडाळा, केबलचा कनेक्टर पिशवीत घाला.

आता कॉइलचं कव्हर. ही काळी प्लॅस्टिकची थाळी. ती हवीच. कापलेल्या ज्वारीचे, तुरीचे खुंट, दगड, काँक्रीट यांवर कॉइलची तळ घासते, आणि कॉइल बदलायची म्हटलं तर यंत्राच्या किमतीचा मोठा भाग तिथे जातो. कव्हर त्यामानाने स्वस्त, झिजलं की फेकून दुसरं घ्यायचं. पण कव्हर आणि कॉइल यांच्या मध्ये फट असते, त्या फटीत माती जाते. आपली काळी माती बसाल्टची. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतो, म्हणजे लोहचुंबकाला ओढणारं लोहखनिज. अशी माती ओली होऊन फटीत बसली, वाळून सुटली, आत हलायला लागली, की यंत्राच्या दृष्टीने कॉइलला चिकटून सतत काहीतरी हलतं आहे. कोकणात, गोव्यात जांभ्याच्या लाल मातीचंही तसंच. रत्नागिरीच्या काळ्या वाळूचं तर विचारूच नका.

माझ्या बाराव्या दिवशी हेच झालं. आदल्या दिवशी घराशेजारच्या ओल्या प्लॉटवर सराव केला होता. कव्हर वरून धुतलं, काढलं नाही. नवं यंत्र, ओरखडा नको म्हणून कव्हर, आणि त्या कव्हरच्या आत मूठभर चिखल. शेतात गेल्यावर यंत्र बडबड करायला लागलं. मी काय केलं? सेन्सिटिव्हिटी कमी केली. गप्प झालं. मला वाटलं, आता ठीक. म्हणजे मी त्याला बरं केलं नाही, बहिरं केलं. आता दर वेळी घरी आल्यावर कव्हर काढतो, दोन्ही धुतो, वाळवतो, मग बसवतो. काही जण कडेने चिकटपट्टी लावून फट बंद करतात, चालतं, पण पट्टी सुटली तर आत काय आहे ते दिसत नाही. मी उघडं ठेवतो.

पाण्याबद्दल एक गैरसमज. "वॉटरप्रूफ आहे" असं दुकानदार म्हणतो तेव्हा विचारा, किती वॉटरप्रूफ? बऱ्याच यंत्रांत फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा चालत नाही. पावसाळ्यात डब्याला निओप्रीनचं किंवा प्लॅस्टिकचं आवरण घाला, पण घरी आल्यावर लगेच काढा. आवरणाखाली अडकलेला दमटपणा पावसाहून वाईट. पडद्यावर मोबाइलची फिल्म आपल्या मापाने कापून लावली की झालं. हेडफोनच्या आणि चार्जिंगच्या भोकांची रबरी बुचं लावलेली आहेत ना, हे पाण्यात जायच्या आधी बघा. समुद्रावरून आलात तर यंत्र गोड्या पाण्याने धुवा, जोराच्या फवाऱ्याने नाही, साध्या तांब्याने. चार्जिंगचे पितळी ठिपके कोरडे झाल्याशिवाय चार्जरला लावू नका, मीठ आणि वीज मिळून ते ठिपके खाऊन टाकतात. चार्जरही माहितीपुस्तकात लिहिलेल्या ताकदीचाच वापरा. मोबाइलचा झटपट चार्जर हाताशी असतो म्हणून लावायचा नाही.

बॅटरी लिथियमची असेल तर गाडीच्या डिकीत ठेवून मे महिन्याच्या उन्हात लग्नाला जाऊ नका. पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने ठेवू नका, निम्मी भरून ठेवा. साधे सेल असतील तर काढून ठेवा, ते पाझरतात आणि स्प्रिंगा कुजवतात. आणखी एक शत्रू कोणत्याच माहितीपुस्तकात मला सापडला नाही, तो म्हणजे उंदीर. शेतघरात कोपऱ्यात उभं केलेलं यंत्र, त्याची मऊ केबल. खुंटीला टांगा.

झाली जोडणी. आता यंत्र चालू करू, पण घरात नाही. घरात फरशीखालच्या सळया आणि भिंतीतल्या तारा यांनी ते वेडं होतं. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, ती शरीरात नेमकी कुठे अडकली ते कळेना. टेलिफोनवाल्या बेलने घाईघाईने धातू शोधायचं उपकरण तयार करून आणलं. ते आधीच्या चाचण्यांत चाललं होतं. अध्यक्षांवर फिरवलं तर नीट सांगेना. गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांना गोळी उजव्या बाजूला आहे याची खात्री होती, त्यामुळे त्याच बाजूला शोध झाला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफील्ड गेले. यंत्र ठीक होतं. आजूबाजूला काय आहे आणि कुठे बघायचं, ते चुकलं.

आपल्या शेतातल्या स्प्रिंगा वेगळ्या. उच्चदाबाची वीजवाहिनी, मोटारीचा स्टार्टर, खिशातला मोबाइल. आणि रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन. ते साधारण दर सेकंदाला एक ठोका सोडतं. यंत्र जर घड्याळासारखं टिक टिक करायला लागलं तर जमिनीत काही नाही, कुंपण चालू आहे. मालकाला विचारून बंद करायला सांगा. मोबाइल पिशवीत टाका. मग कॉइल स्थिर धरून यंत्रातलं नॉइज कॅन्सल चालवा, ते स्वतःच कमी गोंगाटाची वारंवारता निवडतं.

यानंतर ग्राउंड बॅलन्स. काळ्या मातीत काम करणाऱ्याने बाकी काही शिकलं नाही तरी हे शिकावं. जिथे खाली धातू नाही अशी जागा शोधा. बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीपासून वीतभर उंच, मग दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत खाली, परत वर, असं पंप मारल्यासारखं करा. कॉइल जमिनीला समांतर राहू द्या. खालीवर करताना आवाज बदलायचा थांबला की बॅलन्स झाला. आकडा सारखा उड्या मारत असेल तर खाली खिळा असेल, दोन पावलं बाजूला व्हा. एकदा केलं की दिवसभर झालं असं नाही. विहिरीच्या उपशाची माती, वीटभट्टीच्या राखेचा तुकडा, गाळ टाकलेला भाग, इथे परत करा. भाजलेल्या विटेचे तुकडे आणि काही काळे दगड तरीही वाजतात. त्यांचा आवाज कसा असतो ते कान शिकतात, मला शब्दांत सांगता येत नाही.

सेन्सिटिव्हिटी. नवीन माणूस ती शेवटपर्यंत वर नेतो. आवाज मोठा म्हणजे खोल जाणार असं वाटतं. खनिजवाल्या जमिनीत उलट होतं, जमिनीचाच गोंगाट वाढतो आणि त्यात बारीक वस्तूचा आवाज बुडतो. यंत्र स्थिर होईल तिथपर्यंत खाली या, पण खाली येण्याआधी स्वतःला विचारा, बडबड कशाची आहे? कव्हरमधली माती? सैल केबल? कुंपण? मोबाइल? हे सगळं बघून झाल्यावर उरलेली बडबड जमिनीची, तेवढ्यासाठी सेन्सिटिव्हिटी कमी करायची. मी क्रम उलटा केला होता.

माझी दुसरी चूक डिस्क्रिमिनेशनची, आणि ती जास्त महाग पडली. यंत्र प्रत्येक वस्तूला एक आकडा देतं. लोखंड खाली, मग चांदीचा कागद, बारीक सोनं, बाटल्यांची झाकणं, वर तांबं आणि चांदी, साधारण असा क्रम. आता खिळे आणि गुटख्याच्या पुड्या ऐकून कान किटले की माणूस खालचे आकडे बंद करतो. नाण्यांसाठी तयार बसवलेला कार्यक्रमही तेच करतो. मी तोच लावला होता. बारीक सोनं त्याच खालच्या टप्प्यात असतं, चांदीच्या कागदाशेजारी. कागद बंद केला की तेही बंद.

मंगळसूत्राकडे यंत्राच्या नजरेने बघा. काळे मणी त्याला दिसतच नाहीत. बारीक साखळी असेल तर ती त्याला अखंड दिसत नाही, कारण प्रत्येक कडी वेगळी. इवल्या इवल्या कड्यांचा आवाज जवळजवळ शून्य. अंगठी त्याच वजनाची असूनही खणखणीत वाजते, कारण ते सलग वेटोळं आहे, प्रवाहाला फिरायला जागा आहे. तीच अंगठी एका जागी तुटली की आवाज पडतो. मग मंगळसूत्रात उरतं काय? दोन वाट्या. पातळ पत्र्याच्या, पोकळ. यंत्र शोधणार ते त्या दोन वाट्या, आणि त्यांचा आकडा येतो खाली. जोडवी मात्र चांदीची, जाड, लगेच सापडतात. नाकातली चमकी शोधायला मी हल्ली जातच नाही, सरळ सांगतो की चाळणी आणा.

हे मला कसं कळलं? सप्टेंबरमध्ये, सहज. घरामागे एक चाचणीचा वाफा केला. तुम्हीही पहिल्या आठवड्यात करा. आपल्याच मातीत, हातभर अंतराने, वेगवेगळ्या खोलीवर वस्तू पुरायच्या. खिळा, बाटलीचं झाकण, चांदीच्या कागदाचा बोळा, पितळेचा नळाचा तुकडा, पाच रुपयांचं नाणं. रुपयाचं सध्याचं नाणं पुरून यंत्राची परीक्षा घेऊ नका, ते स्टीलचं आहे, चुंबकाला चिकटतं, यंत्र त्याला लोखंड म्हणून बाद करेल आणि तुम्ही यंत्राला शिव्या द्याल. मी बायकोकडून जुनी सुटी वाटी मागून घेतली, नायलॉनचा दोरा बांधून चार बोटं खोल पुरली, दोरा वर ठेवला. यंत्र फिरवलं. काही नाही. परत फिरवलं. काही नाही. दोरा समोर दिसतोय, खाली सोनं आहे, आणि यंत्र गप्प. तेव्हा पाठीतून घाम निघाला. डिस्क्रिमिनेशन पूर्ण काढलं, सगळे धातू चालू केले, आणि पहिल्याच हेलकाव्यात ती वाटी वाजली. बारीक, पण दोन्ही बाजूंनी सारखी.

मी त्याच संध्याकाळी देवासला फोन केला. सोयाबीन काढायला दोन आठवडे होते, काका म्हणाले कापणी झाल्यावर या. गेलो. या वेळी दोऱ्या आखून एक-एक मीटरचे पट्टे केले, कॉइल जमिनीलगत, प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या निम्म्यावर येईल असा, सावकाश. अर्ध्या पाऊण तासात मिळालं. वहिनी ज्या सरीतून परतल्या होत्या तिथेच, तीन बोटं मातीखाली. जुलैमध्ये मी त्या जागेवरून नक्की गेलो होतो, कदाचित दोनदा.

काका त्या बाईंच्या घरी गेले. मी बरोबर गेलो नाही, मला जायला हवं होतं. त्या परत त्या शेतावर कामाला आल्या नाहीत, पलीकडच्या गावात जात होत्या. वहिनींनी मला एकदा एवढंच सांगितलं, "त्यांनी आमच्याकडचं पाणीसुद्धा घेतलं नाही."

आता थोडं कायद्याबद्दल, कारण हे यंत्र हातात दिसलं की लोक गोळा होतात. यंत्र बाळगायला हरकत नाही. पण कोणाच्याही जमिनीत जायचं तर मालकाची परवानगी, आणि ती मी मोबाइलवर संदेशात लिहून घेतो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. किल्ला, जुनं देऊळ, गढी, लेणी यांच्या आसपास मी यंत्र पिशवीतून काढतच नाही, मग जमीन कोणाचीही असो. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो. म्हणजे अंगठी शोधताना जुनं नाणं वर आलं तर तिथेच थांबायचं, फोटो काढायचा, मालकाला सांगून तहसीलला कळवायचं. घासून चकचकीत करायचं नाही.

मार्च २०२५ मध्ये आमच्या इकडे बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. 'छावा' सिनेमा आला, मुघलांचा खजिना इथेच पुरलाय अशी हवा उठली, आणि रात्री टॉर्च, चाळण्या, डिटेक्टर घेऊन लोक शेतं खणू लागले. शेतकऱ्याच्या शेताची चाळण झाली. त्या आठवड्यात मला अकरा फोन आले, "तुमचं मशीन भाड्याने देता का?" देत नाही. गुप्तधनाचा फोन आला की मी तिथेच ठेवतो. त्यातल्या काहींच्या मागे मांत्रिक असतो, आणि गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे, हेही त्यांना ऐकवतो.

आता एवढ्या सगळ्यानंतर मी शेतावर गेल्यावर काय करतो ते सांगून थांबतो. ती दोरा बांधलेली वाटी अजून माझ्या पिशवीत आहे. बायको दर दिवाळीला परत मागते. शोध सुरू करायच्या आधी, ज्या शेतात शोधायचं तिथेच, घरच्या माणसांसमोर ती तीन बोटं खोल ठेवतो आणि आवाज त्यांना ऐकवतो. शोध संपल्यावर परत ऐकवतो, म्हणजे मधल्या वेळात यंत्र बिघडलं नव्हतं हे त्यांनाही दिसतं आणि मलाही. अंगठी हरवली असेल तर वाटीऐवजी अंगठी. वहीत शेताचा ओबडधोबड नकाशा काढतो, फिरलेले पट्टे त्यात रेघा मारून भरतो, आणि किती खोलीपर्यंत खात्री आहे ते लिहितो.

सापडलं नाही तर "शेतात नाही" असं म्हणत नाही. म्हणतो, "या पट्ट्यांत, एवढ्या खोलीपर्यंत, मला लागलं नाही. बाकीचं शेत अजून बघितलेलं नाही." काका लोकांना हे उत्तर आवडत नाही. "म्हणजे हो की नाही?" असं विचारतात. कोणाचं नाव कुजबुजत असतील तर देवासची गोष्ट सांगतो, आता तुम्हाला सांगितली तशीच. आणि पीक निघाल्यावर पुन्हा यायची तारीख त्यांच्यासमोर वहीत लिहितो. गेल्या हंगामातल्या अशा दोन तारखा वहीत आहेत, एक हाटपिपल्याची आणि एक महूची. हाटपिपल्याचं शेत येत्या रविवारी मोकळं होतंय.